पाणी पोचवायला

पांढरमाळ, ता. माण
९ फेब्रुवारी २०२५

लालासाहेब,

"टोकाच्या माणसांनो, योजना झाली, कोनशिला बसली, नारळ फुटले, फोटो छापून आले, फक्त पाणी तेवढं आपल्या शिवेच्या अलीकडंच संपलं!"

काल तुमच्या कुसुंबवाडीच्या शाळेपुढं, पाणी वापर संस्थेच्या सभेत, मी हे पहिलं वाक्य बोलले आणि आमच्या बाजूच्या सतरंजीवरून टाळी उठली. तुमच्या बाजूला कुणी हललं नाही. तुम्ही मात्र अध्यक्षाच्या खुर्चीत बसून मान डोलावलीत. मी पाहिलं. चांगलं वाक्य कानावर पडलं की तुमची मान डोलते, मग ते विरोधकाचं का असेना. बावीस वर्षांत ही खोड गेलेली नाही.

दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही. पाणी नव्हतं तोवर आपण एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून भाषणं केली, एकाच भाकरीचे दोन चतकोर खाल्ले. पाणी आलं आणि आपण वेगळे झालो. कॅनॉलचा चार नंबरचा फाटा तुमच्या गावात सुरू होतो आणि माझ्या गावात संपतो. एवढीच आपल्या भांडणाची हकीकत आहे. पाणी मागताना आपण आंदोलक होतो, पाणी वाटताना तुम्ही मुखाचे झालात आणि मी टोकाची.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

काल तुम्ही मला हरवलंत. माझी मागणी साधी होती: उन्हाळी आवर्तनात आधी टोकाला पाणी द्या, मग मागं मागं येत मुखाला द्या. यात मी नवीन काहीच सांगत नव्हते. बावीस वर्षं हे आपण दोघं मिळून ओरडत होतो. तुम्ही उठलात, फेटा सारखा केलात, आणि म्हणालात:

"ताई म्हणत्यात, टोकाला आधी वाढा. मला सांगा, पंगत बसली की वाढपी कुठनं सुरू करतो? जिथं उभा हाय तिथनं! आणि शेवटच्याला मिळतं का न्हाई? मिळतं! का? भांडं मोठं असतंय म्हनून. ताई, आपण भांडं मोठं मागूया. एकमेकांची ताटं कशापायी वढायची?"

काय बोललात, लालासाहेब! मतं तिथंच फिरली. आमच्याकडची दोन माणसंही तुमच्या बाजूनं हात वर करून बसली आणि नंतर माझ्याकडं बघेनात. मी भाषणाच्या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण पंगतीचा दाखला मला सुचला नव्हता. घरी येताना जीपमध्ये रागापेक्षा कौतुकच जास्त वाटत होतं, आणि त्या कौतुकाचा राग येत होता.

उत्तर मात्र आहे माझ्याकडं. ते मी सभेत दिलं नाही, कारण ते तुम्हाला एकट्यालाच द्यायचं होतं. माझा आजा पंगतीच्या टोकाला बसत नव्हता. तो पंगत उठल्यावर बसायचा. भांडं मोठंच असायचं, लालासाहेब. भांडं कधीच लहान नव्हतं.

शेवटी तुम्ही हसून म्हणालात, "ताई माझी शत्रू न्हाई. रायव्हल हाय. पल्टणीत पोरांना मी शिकवायचो: एनिमी येगळा, रायव्हल येगळा. एनिमीला मारायचं, रायव्हलला हरवायचं." सगळे हसले. फौजेत जवानांना इंग्रजी शिकवणारा हवालदार होतात तुम्ही, शब्द तोलून वापरता. मीही मलकापूरच्या वाचनालयात तीस वर्षं काढलेली बाई. कुणी माझ्यावर शब्द टाकला, की तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाचनालयानं पुठ्ठे फाटले म्हणून मोडीत काढलेला मोठा इंग्रजी कोश माझ्या कपाटात आहे. आज सकाळी तो काढला.

लॅटिन भाषेत 'रीवस' म्हणजे ओढा, पाट. त्यावरून 'रिवालिस': दुसऱ्यासोबत एकाच ओढ्याचं पाणी घेणारा. रोमन लोकांच्या कायद्याच्या जुन्या संहितेत या लोकांचा उल्लेख आहे: एकाच पाटानं पाणी नेणारे, आणि त्या पाण्यावरून ज्यांची भांडणं होतात ते. नंतर त्यांच्या नाटकवाल्यांनी हा शब्द उचलून एकाच बाईच्या मागं लागलेल्या दोघांना लावला, आणि तिथून तो इंग्रजीत येऊन कुस्तीगिरांना, पुढाऱ्यांना, तुम्हाआम्हाला चिकटला. पण मूळचे रायव्हल म्हणजे चार नंबरच्या फाट्यावरचे शेतकरी!

तेव्हा तुमचा शब्द मला मान्य आहे.

आमच्या प्रबुद्धनं मुंबईची नोकरी सोडून इथं डाळिंब लावलंय हे तुमच्या कानावर असेलच. तो आला तो माझ्या भाषणावर विश्वास ठेवून. पाणी येणार, असं मी सांगितलं होतं. गेली दोन्ही आवर्तनं वाटेतल्या लेंडी ओढ्याच्या पुढं आली नाहीत. या उन्हाळ्यात तिसरं चुकलं तर रोपं राहणार नाहीत. हे मी सभेत बोलले नाही. स्वतःच्या पोराचं रान व्यासपीठावर काढणारी बाई मी नाही. पत्रात काढते.

तुमची रायव्हल,
आम्रपाली


पांढरमाळ
१७ फेब्रुवारी

लालासाहेब,

तुमचा मेसेज मिळाला. दोन वर्षांनी तुमच्याकडून आलेले पहिले शब्द, आणि तेही चूक काढणारे!

"ताई, परवा मलकापूरच्या महिला मेळाव्यात तुम्ही बोलला की रिव्हर आणि रायव्हल सख्ख्या बहिणी. व्हिडिओ बघितला. सख्ख्या न्हाईत. रिव्हर काठावरनं आली, रायव्हल ओढ्यातनं. तपासा."

पत्राचं उत्तर नाही, पाण्याचं नाव नाही, प्रबुद्धच्या रानाची विचारपूस नाही. नुसतं "तपासा." मला इतकं हसू आलं की प्रबुद्ध गोठ्यातून बघायला आला.

"आई, काय झालं?"

"लालासाहेबांचा मेसेज आलाय."

"पाणी सोडत्यात का?"

"नाही. माझं इंग्रजी सुधारतात."

"मग त्यास्नी म्हणावं, डाळिंबाला इंग्रजी पाजतो आता." आणि तो परत गेला. हसला नाही. पूर्वी असलं बोलला की स्वतःच आधी हसायचा.

मी तपासलं. तुमचं बरोबर आहे. 'रिव्हर' हा शब्द 'रीपा'पासून, म्हणजे काठापासून आला; रायव्हलशी त्याचं रक्ताचं नातं नाही. दोन हजार बायांपुढं मी छातीठोकपणे चुकीचं सांगितलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका माणसानं टाळी वाजवली नाही, तो कुसुंबवाडीत बसून फोनवर माझं भाषण ऐकत होता. म्हणजे तुम्ही ऐकता अजून. हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

तपासता तपासता मला रीवसचं खरं लेकरू सापडलं. 'डिराइव्ह' म्हणतात ना इंग्रजीत, एकापासून दुसरं काढणं? ते मूळचं ओढ्यापासून पाट काढणं. शब्दाची व्युत्पत्ती सांगतात त्यालाही इंग्रजीत 'डेरिव्हेशन' म्हणतात. म्हणजे शब्दाचं मूळ शोधणं हे पाटकऱ्याचं काम झालं. दूरच्या झऱ्याचं पाणी चारी धरून आपल्या रानापर्यंत आणायचं, वाटेत कुठं फुटलं ते बघायचं, दगड घालून बुजवायचं. तुम्ही माझी चारी फुटलेली दाखवलीत. मी बुजवली. मेळाव्याच्या बायकांना तसं कळवलंही आहे.

मला आज दहिवडीचा मोर्चा आठवतोय.

आपली ओळख नव्हती तेव्हा. तहसील कचेरीपुढं माणसंच माणसं, पार एसटी स्टँडपर्यंत. मी बोलायला उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला वीज गेली. कुणी घालवली ते आपल्याला माहीत आहे, जाऊ द्या. भोंगा बंद. पुढच्या दहा रांगांना माझा आवाज जात होता, मागच्यांना नाही. मागची माणसं उठायला लागली. मोर्चा फुटायला लागला की कसा फुटतो ते तुम्ही जाणता: आधी चहाला जातात, मग घरी जातात.

तेवढ्यात गर्दीच्या मधोमध एक फेटेवाला बाकावर चढला. मी ओळखत नव्हते. त्यानं माझ्याकडं हात करून आरोळी दिली, "ताई, तुमी बोला! मी मागं पोचवतो!"

मी एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. तुम्ही मागं तोंड करून तेच वाक्य, परेडवरच्या आवाजात, जसंच्या तसं मागच्यांना द्यायचात. तुम्ही एक शब्द बदलला नाहीत. मध्ये मी तुमच्याच पुढाऱ्याला शिवी नाही पण शिवीच्या जवळचं काहीतरी बोलले. मला वाटलं आता हा माणूस गाळणार. तुम्ही क्षणभर माझ्याकडं पाहिलंत, आणि तेही पोचवलंत. उलट जास्त जोरात! स्टँडपर्यंत हशा गेला. माणसं परत येऊन बसली.

मी नंतर हजार सभा केल्या असतील. चांगले भोंगे मिळाले, फुलांच्या कमानी मिळाल्या. तसं भाषण परत झालं नाही. आपलं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत जावं म्हणून दुसरा कुणी स्वतःचा घसा फोडतो, हे मी एकदाच पाहिलंय. स्वतःचं भाषण करणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचं पोचवणारा एकच भेटला.

उत्तर द्यायचं तर पाण्याबद्दल द्या. व्याकरणाच्या चुका मी मुद्दाम ठेवलेल्या नाहीत.

आम्रपाली


पांढरमाळ
४ मार्च

लालासाहेब,

रविवारी मी तुमच्या घरी येऊन गेले. अंजनावहिनींनी सांगितलंच असेल. काय काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूनं लिहिते.

मी वहिनींना म्हणाले, दहिवडीला दवाखान्यात आले होते, सहज वाकडी वाट केली. ते खोटं होतं. मी सरळ तुमच्याकडंच निघाले होते. काय बोलायचं ते निम्म्या वाटेतच पाठ झालं होतं. तापलेलं, टोकदार भाषण होतं. ऐकलं असतंत तर तुमची मान डोलली असती.

वहिनींनी मला दारातच धरलं. "आवं, आमरपालीताई! या की! दोन वरसं झाली, वाट चुकला व्हय?"

"वाट तीच आहे वहिनी. तुमचे अध्यक्ष बदलले."

"काय बदलत न्हाईत. तसंच हायेत, नुसतं खोकत्यात जास्त. बसा. च्या टाकते. तुमी काय बोलताय त्ये फोनवर लावून बसत्यात रोज. मी म्हनलं, आवं, भांडान हाय न्हवं तुमचं? तर म्हनत्यात, गप बस, बाई काय बोलतीया बघ."

हे तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत, म्हणून लिहून ठेवते.

मी विचारलं, आहेत कुठं? वहिनी म्हणाल्या, "रानात. पाणी पोचवायला गेल्यात."

मला वाटलं कॅनॉलवर गेले असतील. तसा टोमणा मारणार होते, पण वहिनींनी चहाचं आधण ठेवता ठेवता जे सांगितलं, त्यानं माझं सगळं पाठ केलेलं भाषण विस्कटलं.

तुमच्या वडिलांच्या विहिरीत तुमचा आणि धाकट्या गुंडाभाऊजींचा निम्मा निम्मा हिस्सा. चार दिवस तुमची पाळी, चार दिवस त्यांची. बांधावरून तुमचं बिनसलं त्याला बरीच वर्षं झाली. एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेला नाहीत, आजारपणात गेला नाहीत. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"बोलत न्हाईत ताई," वहिनी म्हणाल्या, "पर पाणी पोचवत्यात. आमच्या मामंजींनी घालून दिल्यालं हाय. आपली पाळी सपली की दारं मोडून, पाटाचं तोंड दुसऱ्याकडं फिरवून, घरला यायचं न्हाई. पाण्याबरूबर चालत जायाचं, दुसऱ्याच्या पयल्या सरीला पाणी लागंस्तोवर. वाटंत खेकड्यानं बीळ पाडलं आसंल, पाट फुटला आसंल, तर आपुन बुजवायचं. पावणा कसा यष्टीपातूर घालवाय जातो आपुन? तसं. पाणी घालवाय जायाचं."

"आणि अजून जातात?"

"एक डाव चुकत न्हाई. गुंडाभाऊजी बी तसंच. मागल्या साली ह्यास्नी ताप हुता, गोधडीत पडल्यालं. भाऊजींची पाळी सपली तर पाण्यासंगं चालत आलं आमच्या रानापातूर. मी उभी हुते तिथं. पयली सरी भिजली, त्येनी खोरं वर केलं, आन गेलं माघारी. वयनी म्हनून हाक न्हाई मारली. पर पाणी पोचवलं."

चहा निवला. मी तसाच प्यायले.

वहिनींना "येते" म्हणून निघाले आणि रस्त्यावरून पाहिलं. तुम्ही उसाच्या कडेनं पाटाबरोबर चालत होता. धोतर खोचलेलं, खांद्यावर खोरं. पाण्याचं तोंड तुमच्या पुढं दोन पावलं, वाळका पाचोळा ढकलत, आणि तुम्ही त्याच्या चालीनं. एकदा वाकलात, चिखलाचा गोळा घेऊन कुठंतरी दाबलात, परत चालायला लागलात. पलीकडं गुंडाभाऊ बांधावर पाठमोरे उभे होते. पाणी त्यांच्या पहिल्या सरीत शिरलं. त्यांनी मागं न बघता खोरं डोक्यावर उचललं. तुम्ही वळलात.

मी हाक मारली नाही. त्या जागी माझं भाषण म्हणजे फाजीलपणा झाला असता.

पण येताना सगळी वाट मी विचार करत होते. रोमन लोकांनी या माणसांसाठी शब्द केला, कायदा केला, भांडण कसं सोडवायचं ते लिहून ठेवलं. तुमच्या वडिलांनी काही लिहिलं नाही. दोघं भाऊ उद्या भांडणार हे त्या माणसाला दिसलं असणार, आणि भांडण मोडता येत नाही हेही. म्हणून भांडणाला हात न लावता त्यानं पाण्याची व्यवस्था केली. इतकं शहाणपण मी छापलेलं फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

एक गोष्ट गेल्या पत्रांत मी लिहिली नव्हती. प्रबुद्धनं मुंबईला फोन केलाय. जुन्या कंपनीत जागा आहे. आवर्तन चुकलं तर पाडव्यानंतर जातो म्हणाला. भांडला नाही, चढ्या आवाजात बोलला नाही. "आई, तुझं भाषण खरं हुतं," एवढंच म्हणाला. "फक्त पाण्याबिगर आलं."

आम्रपाली


पांढरमाळ
१७ मार्च, सोमवार

लालासाहेब,

संस्थेची नोटीस फळ्यावर लागली. मुखाची पाळी बुधवारी संध्याकाळी संपते, गुरुवारी सकाळी पाणी पुढं सुटतं. ठरावाप्रमाणं आधी तुम्ही, मग आम्ही. मी हरले, ठराव मान्य आहे. तो बदला असं म्हणायला हे पत्र नाही.

परवा प्रबुद्धला बरोबर घेऊन मी फाट्याच्या कडेनं लेंडी ओढ्यापर्यंत चालत गेले. दोन्ही काठांवर पाइप टाकून ठेवलेले आहेत, उसात लपवलेले. कुठं चारीत वाळूची पोती तयार आहेत. त्यांची पाळी नाही, त्यांचा हक्क नाही. पण पाणी दारावरून जातंय आणि बघायला कुणी नाही, म्हटल्यावर हात जातो माणसाचा. मी त्यांना चोरही म्हणणार नाही. आमच्या दारावरून जात असतं तर आमचाही गेला असता.

एका रानात चौघं बसले होते. मी म्हणाले, हे पाइप काढा. त्यातला एक उठून हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमचं भाषान लय झ्याक आसतंय. बोला की दोन शब्द." बाकीचे हसले. लालासाहेब, मी तोंड उघडलं आणि मला काही सुचलं नाही. कधी नव्हे ते. प्रबुद्धनं माझा दंड धरला आणि आम्ही पुढं चाललो. थोडं गेल्यावर तो म्हणाला, "आई, ह्यांना पोलीस नको आणि भाषण पण नको. ह्यांच्यातलाच कोण तरी माणूस पाण्याबरोबर चालत आला पाहिजे."

हे तो बोलला. वहिनींनी सांगितलेलं मी त्याला तोवर सांगितलं नव्हतं.

आता माझं म्हणणं ऐका, आणि पत्र आहे, तेव्हा मध्ये बोलू नका.

चार नंबरचा फाटा ही तुमच्या वडिलांची विहीर आहे असं समजा. वरच्या अर्ध्यात तुम्ही, खालच्या अर्ध्यात मी. आपलं बिनसलंय. बिनसू द्या. पुढच्या सभेत मी तुम्हाला सोडणार नाही; पंगतीच्या दाखल्याला उत्तर तयार आहे आणि ते तुमच्या सतरंजीवरूनही टाळी घेईल. बोलणं सुरू करा असंही मी म्हणत नाही. पण तुमची पाळी संपते आहे. तुमच्या घरात पाळी संपल्यावर माणूस दारं मोडून घरी जात नाही.

मी त्या काठानं चालले तर भांडण होतं. सरकारी माणूस चालला तर तडजोड होते. तुम्ही खोरं खांद्यावर टाकून चाललात तर तुमच्या तोंडावर पाइप लावायची त्या मुलखात कुणाची छाती नाही, कारण त्यातल्या प्रत्येकाच्या विहिरीला एक हिस्सेदार आहे आणि प्रत्येकाला तुमच्या आणि गुंडाभाऊंच्या पाटाची गोष्ट माहीत आहे. तुम्हाला एक शब्द बोलावा लागणार नाही. बावीस वर्षं आपण दोघं बोललो. बोलून पाणी कुसुंबवाडीपर्यंत आलं, हे काही थोडं नाही. उरलेली वाट चालायची आहे.

गुरुवारी वीस मार्च आहे. त्या दिवशी आमच्या माणसांनी महाडला तळ्याच्या पाण्याला हात लावला. दर वर्षी तुम्ही त्या दिवशी पांढरमाळला येऊन बोलायचात. गेली दोन वर्षं तुमची खुर्ची मांडतो आणि रिकामी उचलतो. या वर्षी खुर्ची मांडणार नाही. त्या दिवशी सभाच ठेवलेली नाही. सगळं गाव फाट्याच्या शेवटच्या दारावर उभं असेल, हातात खोरी घेऊन, चारीतला पाचोळा काढत.

तुम्ही सांगितलंत, काठ वेगळा आणि ओढा वेगळा. पटलं. पण त्या काठापासून इंग्रजीत आणखी एक शब्द आलाय, तो मी काल शोधला: 'अराइव्ह'. पोचणं म्हणजे काठाला लागणं. तपासा, आणि चूक असेल तर गुरुवारी समक्ष येऊन सांगा.

दहिवडीला तुम्ही माझा प्रत्येक शब्द, आवडलेला आणि न आवडलेला, शेवटच्या रांगेपर्यंत नेलात. मला ओळखतही नव्हता तेव्हा. मी तो उपकार मानत नाही. उपकार असता तर फेडून मोकळी झाले असते. माणूस म्हणून तुम्ही कसे आहात ते मला त्या दिवशी कळलं आणि नंतरच्या कुठल्याही ठरावानं ते पुसलं गेलेलं नाही.

दिवसभराची चाल आहे. वहिनींना सांगून भाकरी बांधून घ्या, कोरड्यास आमच्याकडचं वाटेत पोचेल. लेंडी ओढ्यापाशी फाट्याला मोठी भेग आहे, तिथं माती कमी पडेल, पोतं बरोबर असू द्या. संध्याकाळपर्यंत पाण्याचं तोंड आमच्या शिवेत येईल. पहिल्याच डाळिंबापाशी मी उभी असेन, प्रबुद्ध शेजारी असेल. त्या झाडाचं आळं भिजलं की मी खोरं डोक्यावर उचलेन. मग तुम्ही खुशाल माघारी वळा. बोलू नका, चहाला थांबू नका, रायव्हल आहात तसे रहा.

गुरुवारी सकाळी सात वाजता, खोरं घेऊन, फाट्याच्या पहिल्या दारावर या आणि पाणी पोचवायला निघा.